चुलीचे तीन दगड

मस्कत,
गुरुवार, रात्रीचे साडेअकरा

ती. आई आणि ती. बाबा यांना
शिरसाष्टांग नमस्कार.

रोज फोन होतो तर पत्र कशाला, असं आई म्हणणार. पण फोनवर आपण बोलतो काय? जेवलीस का, गोळ्या घेतल्या का, तिकडे उकाडा किती. मग कुणीतरी "बरं, ठेवू?" म्हणतं आणि दुसरा सुटल्यासारखा "हो हो" म्हणतो. गेल्या रविवारी बाबा म्हणाले, "घराला पुण्याचं गिऱ्हाईक आलंय. सही केली की मोकळा झालो." मी म्हटलं, "बरं झालं." ते "बरं झालं" चार दिवस घशात अडकून बसलंय. माशाचा काटा अडकला की आई कोरड्या भाताचा गोळा गिळायला लावायची. हे पत्र म्हणजे तो गोळा समजा.

तुम्हाला ठाऊकच आहे, वर्षभर मी दर गुरुवारी संध्याकाळी अरबीच्या वर्गाला जाते. "त्रेचाळिसाव्या वर्षी आता कसली परीक्षा द्यायचीय?" असं आईने विचारलं होतं. परीक्षा नाही गं. लॅबमध्ये लागते तेवढी अरबी मला येतेच: बाही वर करा, मूठ आवळा, उपाशीपोटी आलात ना. सुई टोचण्यापुरती अरबी. इतकी वर्षं या लोकांचं रक्त काढतेय, तर त्यांच्या मनात काय आहे तेही जरा वाचता यावं, एवढंच. आमचे उस्ताद सत्तरीचे आहेत, मूळचे सीरियातल्या हलबचे, म्हणजे बातम्यांत ज्याला अलेप्पो म्हणतात तिथले. व्याकरण शिकवायला घेतात आणि अर्ध्या तासात कवितेवर घसरतात. आम्हीही त्यांना घसरू देतो.

तर अरबांच्या जुन्या कवितेची सुरुवात ठरलेली असते. कवी उंटावरून चाललाय. वाटेत एक उजाड जागा लागते. कधीकाळी त्याच्या प्रियेच्या माणसांचे तंबू तिथे होते. चारापाणी संपलं की टोळी तळ हलवणार, त्यामुळे मागे उरतं ते फारच थोडं. सहाव्या शतकातला राजपुत्र कवी इम्रु अल-कैस सोबतच्या दोघांना म्हणतो, "किफा नब्कि", थांबा रे दोघं, रडू या, एका माणसाच्या आणि एका घराच्या आठवणीने. आणि लगेच पत्ता सांगतो: वाळूची पट्टी संपते तिथे, अद-दखूल आणि हौमल यांच्या मध्ये. रडायचं ते नेमक्या जागी. पुढे त्याला दिसतं काय? अंगणभर हरणांच्या लेंड्या, मिऱ्याच्या दाण्यांसारख्या.

आई, हसलीस ना? मीही हसले. अरबीतली सगळ्यात गाजलेली कविता, आणि तिसऱ्याच ओळीत लेंड्या! पण मिऱ्याला अरबीत 'फुलफुल' म्हणतात, आणि तो शब्द आपल्या 'पिप्पली'वरूनच फारसीमार्गे तिकडे गेलाय, हे उस्तादांनी सांगितलं तेव्हा मला मागीलदारच्या फणसावरची तुझी मिरवेल दिसली. मिरी मलबारच्या बाजूची. वाळवंटातल्या राजपुत्राने ती जेवणात चाखली असेल, वेल काही पाहिली नसेल. मी पाहिलीय. मे महिन्यात सुपात वाळत घातलेले दाणे, आणि त्यावर कोंबडी आली की तुझं "हाऽऽड्".

मला खरं गाठलं ते झुहैरने. झुहैर बिन अबी सुल्मा, तोही त्याच जुन्या काळातला. २० वर्षांनी त्या जागी येतो आणि त्याला जागा ओळखूच येईना. बराच वेळ नुसता उभा. मग दोन गोष्टींवरून ओळख पटते. एक म्हणजे हंडा ठेवायचे चुलीचे दगड, धुराने काळे झालेले. आणि दुसरी, तंबूभोवतीचा चर. पावसाचं पाणी आत शिरू नये म्हणून हे लोक तंबूभोवती चर खणत. तंबू कधीच गेला, चर मात्र हौदाच्या काठासारखा शाबूत. चुलीच्या तीन दगडांना 'असाफी' आणि त्या चराला 'नुअय', असे खास शब्द आहेत. शेकडो कवितांत ते पुन्हा पुन्हा येतात.

'नुअय' समजावताना उस्तादांनी टेबलावर बोटाने गोल काढला आणि बाहेरून पाणी येऊन वळून जातं असं हाताने दाखवलं. शेजारच्या फिलिपिनो मुलीला काही कळेना. मी वहीत मराठीत लिहिलं: बाबांचा चर.

बाबा, दरवर्षी मृगाआधी तुम्ही घरामागे तो चर काढायचात. बनियन, खांद्यावर पंचा, आणि मध्येच कुदळ टेकवून डोंगराकडे बघत उभं राहणं. मी लहानपणी विचारलं होतं, एवढं कशाला खणता. तुम्ही म्हणालात, "पाणी वाईट नसतं गो, त्याला वाट द्यावी लागते." दोन वर्षं त्याला वाट मिळाली नाही. डोंगराचं पाणी सरळ भिंतीला लागलं आणि आषाढात मागची पडवी बसली. दादा म्हणतो पावसाने पाडली. पावसाने नाही, आम्ही पाडली. त्यातही माझा वाटा मोठा, कारण डोंबिवलीला चला हा धोशा माझाच होता. तुमचे गुडघे, जिने नकोत, दवाखाना जवळ हवा, सगळं खरं होतं. पण त्या भरात मी एक वाक्य बोलून गेले: "त्या घरात आता आहे काय?" तुम्ही दोघंही गप्प बसलात. ते मला त्याच वेळी कळायला हवं होतं.

(बाबा, तुम्ही आता म्हणणार, पुरे, एवढं रडायला काय झालं. तुमच्यासाठीही एक कवी शोधून ठेवलाय. अबू नुवास, बगदादचा, आठव्या-नवव्या शतकातला. उजाड जागी उभं राहून रडणाऱ्यांचा त्याला मनस्वी कंटाळा. तो म्हणतो, त्या पुसल्या गेलेल्या खुणांपाशी उभ्याने रडणाऱ्याला सांगा, बसून रडलास तर काय बिघडेल? तुमचं आणि त्याचं जमलं असतं. फक्त तो दारूवर फार लिहितो, ते आईपासून लपवायला लागलं असतं.)

आईला आवडेल असा शब्द 'हनीन'. ओढ, घराची आठवण, सगळ्याला हाच शब्द. पण मुळात हनीन म्हणजे पिलासाठी सांडणीच्या घशातून निघणारा आवाज. आपल्याकडे गाय हंबरते आणि माणूस हंबरडा फोडतो, तसंच हे. आणखी एक ऐक. सांडणीचं पिलू मेलं तर ती दूध चोरते. मग पिलाच्या कातड्यात पेंढा भरून ते तिच्यापुढे ठेवायचं. ती हुंगते, चाटते, पान्हा सोडते. त्या पेंढ्याच्या पिलाला 'बव्व' म्हणतात. अल-खन्सा नावाच्या कवयित्रीचा भाऊ सख्र मारला गेला, तेव्हा तिने स्वतःला त्या बव्वाभोवती घिरट्या घालणाऱ्या सांडणीची उपमा दिली. सातव्या शतकातली बाई. आपल्या कपिलेचं वासरू गेलं तेव्हा आजोबांनी हेच केलं होतं, आठवतं? मी तीन दिवस गोठ्यात गेले नव्हते. आता मला कधी कधी वाटतं, व्हिडिओ कॉल म्हणजे आपलं पेंढ्याचं पिलूच आहे. तुम्ही दोघं त्या चौकटीत डोकं घालून बघता, मी इकडून चाटल्यासारखी बोलते, आणि दूध येतं खरं. ते का येतं, याचा विचार करायचा नाही.

आई, मैसूनची गोष्ट तुला सांगायचीच आहे. मैसून बिंत बहदल, कल्ब टोळीतली, वाळवंटात वाढलेली. तिचं लग्न लागलं मुआवियाशी, म्हणजे उमय्या खलिफांतल्या पहिल्याशी. राहायला दमास्कसचा राजवाडा. तिच्या नावावर एक कविता सांगतात. वाऱ्याने फडफडणारा तंबू मला या उंच वाड्यापेक्षा प्रिय. तंबूच्या कोपऱ्यात बसून खाल्लेला कुटका अख्ख्या भाकरीपेक्षा गोड. रात्री येणाऱ्याजाणाऱ्यावर भुंकणारा कुत्रा या माणसाळलेल्या मांजरापेक्षा बरा. आणि जाडाभरडा अंगरखा घालून डोळे थंड व्हावेत, ते झिरझिरीत कपड्यांपेक्षा कितीतरी चांगलं. डोळे थंड होणं! मी वर्गात ओरडलेच, "आमच्यात डोळे निवतात!" उस्ताद खूश. शेवटी बाईने नवऱ्यालाही सोडलं नाही: माझा सडपातळ, दिलदार चुलतभाऊ या खाऊन माजलेल्या गड्यापेक्षा मला जास्त प्यारा. मुआवियाच्या कानावर गेलं आणि त्याने तिला माहेरी धाडलं, असं सांगतात. माहेर मिळालं, तेही असं.

तू मात्र कविता केली नाहीस. डोंबिवलीला गेल्यावर एकदाही कुरकूर केली नाहीस. वहिनीलाही कधी काही लागेलसं बोलली नाहीस. फक्त येताना रंगाच्या रिकाम्या बालदीत गवती चहाचं एक ठोंब घेऊन आलीस आणि गॅलरीत ठेवलंस. दादा हसला होता, इथे कोपऱ्यावर दहा रुपयाला जुडी मिळते. मीही हसले होते. आता ऐक. पैगंबरांचा साथी बिलाल मक्केहून मदिनेला गेला आणि तिथे त्याला ताप भरला. तापात तो म्हणायचा, मला कळेल का कधी, मी पुन्हा एक रात्र त्या दरीत काढीन का, आजूबाजूला इज्खिर आणि जलील गवत असताना? इज्खिर म्हणजे आपल्या गवती चहाच्याच कुळातलं वासाचं गवत. मक्केत ते घरांच्या छपरांना वापरत. तापलेल्या माणसाला ना मक्केतलं घर आठवलं, ना गल्ली. आठवलं ते गवत. "लैत शिअरी", मला कळेल का, या दोन शब्दांनी किती कवितांत ओढ सुरू होते, मोजदाद नाही. तुझी ती बालदी म्हणजे तेच दोन शब्द होते. मला वाचता आले नाहीत.

माझं स्वतःचं म्हणाल तर मी फार सुखात आहे, ते तुम्हाला माहीत आहे. गेल्या जुलैत लॅबच्या मुलींबरोबर सलालाला गेले. ओमानच्या त्या टोकाला पावसाळ्यात डोंगर हिरवे होतात, धुकं उतरतं, भुरभुर पाऊस लागतो, आणि सगळ्या आखातातली माणसं गाड्या काढून तो पाऊस बघायला येतात. रस्त्याच्या कडेला शहाळ्यांची आणि केळ्यांची दुकानं. आणि मागे माड! अरबस्तानात माड उभे. आठव्या शतकात उमय्या घराण्याचा एक राजपुत्र, अब्द अर-रहमान, उमय्यांची सत्ता उलथवणाऱ्या अब्बासींच्या तलवारीतून निसटून पार स्पेनपर्यंत पोचला आणि तिथे त्याने राज्य उभं केलं. कॉर्डोबाजवळच्या त्याच्या बागेत त्याला एक खजुरीचं झाड दिसलं. तो त्याला म्हणाला, तू खजुरांच्या मुलखापासून लांब या पश्चिमेच्या मातीत, आणि मीही तसाच, माझ्या मुलाबाळांपासून लांब. त्याला खजूर परक्या देशात दिसली आणि मला खजुरांच्या देशात माड. मी शहाळेवाल्याला मराठीत विचारलं, "पातळ खोबऱ्याचं आहे का?" आणि तो बिचारा बघतच राहिला.

आता आजचा वर्ग. पत्र लिहायला बसले ती आजच्यामुळे.

आज अबू फिरास हा कवी होता. जन्म ९३२ चा. लहान असतानाच बाप मारला गेला, आईने एकटीने वाढवला. हलबचा राजा सैफ उद-दौला, त्याचा हा चुलतभाऊ. मनबिज नावाच्या गावाचा कारभार त्याच्याकडे होता. ९६२ मध्ये बायझंटाइन सैन्याच्या हाती सापडला आणि चार वर्षं कैदेत राहिला, कॉन्स्टँटिनोपलला. आई मनबिजमध्ये, म्हातारी. लेकाला सोडवायला पैसे भरा म्हणून ती सैफ उद-दौलाकडे हलबला गेली आणि रिकाम्या हाती परतली. हे कैदेत त्याच्या कानावर आलं. त्याने लिहिलं: शाममध्ये (म्हणजे सीरियात) एक आजारी बाई एकटी आहे, आणि जो तिचं दुखणंखुपणं बघायचा तो शत्रूच्या ताब्यात आहे. येणाऱ्याजाणाऱ्या स्वारांना ती आमची खबर विचारते, तिच्या डोळ्यांचं पाणी खळत नाही.

आई, रत्नागिरीचा, राजापूरचा, कुठलाही पोरगा मस्कतहून सुट्टीवर आला असं कळलं की तू त्याला गाठून माझी चौकशी करतेस, हे मला माहीत आहे. एकाने मला येऊन सांगितलं, "ताई, तुमची आई विचारत होती तुम्ही बारीक झालात का. मी तुम्हाला कधी बघितलंच नव्हतं, तरी नाही म्हटलं." हातात कुळथाच्या पिठाची पिशवी होती.

दुसऱ्या एका कवितेत अबू फिरास म्हणतो: मनबिजची म्हातारी नसती तर मी मरणाच्या वाटांना भ्यालो नसतो, आणि सुटकेचे पैसे मागायला माझं मानी मन कधी तयार झालं नसतं. एवढा लढवय्या माणूस, आणि सरळ सांगतो की आईसाठी मी लाज सोडली. शेवटी तिला म्हणतो, अगं आई, धीर सोडू नकोस, देवाच्या दया झाकलेल्या असतात.

तो सुटायच्या आधी ती गेली. मग जी कविता आहे तिची सुरुवातच "कैद्याच्या आई" अशी आहे. कैद्याच्या आई, तुझ्यावर पाऊस पडो. सुटकेची सुवार्ता घेऊन येणारा आता कुणाकडे जाईल?

एवढं वाचून उस्तादांनी चष्मा काढला, सदऱ्याला पुसला, आणि चहा कुठे राहिला बघतो म्हणून बाहेर गेले. चहा केव्हाचा टेबलावर होता. आम्ही कुणीच काही बोललो नाही. ते परत आले आणि थेट क्रियापदांची रूपं घेतली.

मी कैदेत नाही. माझ्याकडे रजा आहे, पासपोर्ट आहे, मुंबईचं विमान तीन तासांच्या आत पोचवतं. तरी तीन वर्षांत मी दोनदा आले, आणि दोन्ही वेळा डोंबिवलीला. गावाकडे गेले नाही. रस्ता खराब, दिवस कमी, घर बंद. कारणं भरपूर.

राहिला घराचा विषय. नवव्या शतकात बगदादला इब्न अर-रूमी नावाचा कवी होता. शेजाऱ्याने त्याच्यामागे टुमणं लावलं, तुझं घर मला वीक. त्याने अधिकाऱ्याकडे दाद मागितली ती कवितेतून. बाबा, तहसीलदाराला अर्ज, पण वृत्तात. तो लिहितो: माझं एक वतन आहे, ते मी विकणार नाही आणि दुसरा कुणी त्याचा मालक झालेला बघणार नाही, अशी मी शपथ घेतलीय. वतन! आता या शब्दाचा अर्थ देश असा करतात. त्याच्या ओळीत तो बगदादमधल्या एका घराचा आहे. आणि माणसाला आपली जागा एवढी प्रिय का, तेही तो सांगतो: तरुणपणी तिथे ज्या हौशी पुरवल्या, त्यांनी ती जागा प्रिय होते, जागा आठवली की तिथलं लहानपण आठवतं आणि जीव ओढ घेतो. त्याचं म्हणणं मला एका बाबतीत अपुरं वाटतं. माझ्या हौशी त्या घरात फारशा पुरल्या नाहीत, मला तर कधी एकदा तिथून बाहेर पडते असं झालं होतं. तरी ओढ लागतेच.

मी तुम्हाला शपथ घालत नाही. घर तुमचं आहे. दादाचंही चुकत नाही: कौलं, वाशांची वाळवी, आता ही पडवी, खर्च मोठा आहे आणि राहणारं कुणी नाही. विकायचं तर विका. फक्त त्या गिऱ्हाइकाला दिवाळीपर्यंत थांबायला सांगा. मी नोव्हेंबरमध्ये १५ दिवस येतेय. तिकीट आजच वर्गातून घरी आल्यावर काढलं. या वेळी आपण तिघं आधी गावी जाऊ. बाबांसाठी गाडी थेट अंगणापर्यंत नेऊ, दादाच्या मित्राची मोठी गाडी मिळते का बघा. आईने गवती चहा बरोबर घ्यावा. मूळ जागी परत लावायचा की नाही, ते तिथे गेल्यावर तीच ठरवेल.

अरबीत 'बैत' म्हणजे घर आणि कवितेची ओळही. ओळीच्या अर्ध्या भागाला 'मिस्रा' म्हणतात, म्हणजे दाराची एक फळी. आपल्या दाराची डावी फळी जरा उचलून ढकलावी लागते. हे पुण्याच्या माणसाला कोण सांगणार? ते मला एकदा करू दे. झुहैरला शेवटी जागेची ओळख पटते ना, तेव्हा तो तिला काय म्हणतो माहीत आहे? "तुझी सकाळ सुखाची जावो, घरा, आणि तू सुखरूप राहा." २० वर्षांनी येऊन नुसतं एवढंच. आपण सकाळच्याच वेळी पोचू असं बघू या.

पाणचुलीचे तीन दगड पडवीच्या मातीखाली गेलेत की दिसतात, ते शेजारच्या काकांना फोन करून विचाराल का? आणि बाबा, कुदळ माळ्यावरच आहे ना? की गेल्या शिमग्याला कुणी नेली ती परत आलीच नाही? नसेल तर मी संगमेश्वरला उतरल्यावर नवी घेते. चर मी काढते. तुम्ही फक्त खुर्ची टाकून बसा आणि कुठून कुठे ते सांगा.

गोळ्या वेळेवर घ्या. दादा-वहिनीला नमस्कार, पोरांना पापा.

तुमची,
बाय